माल जिथे पाठ बदलतो, तिथे गाव वसतं

जुन्नरी | शुक्रवार, रात्री ९:४०

मागच्या रविवारी पुतण्याला घेऊन नाणेघाट चढलो. खालून, वैशाखऱ्याच्या बाजूने. पोरगा दहावीत आहे. दम खात खात वर आला, खिंडीच्या तोंडाशी तो जकातीचा म्हणतात तो मोठा दगडी रांजण बघितला आणि म्हणाला, "काका, एवढ्या रानात जकात भरायला यायचं कोण?"

मी जुन्नर तालुक्यातलाच. शाळेच्या सहलीला रांजण पाहिला, पुढे पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेलं. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आठवडाभर तोच डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

रांजणाजवळ डोंगरात कोरलेलं लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ कोणते केले, गाई किती दिल्या, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी किती, सगळा हिशेब आकड्यांत. आपल्याकडे अंक कसे लिहीत याचा हा फार जुना पुरावा आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. त्यातल्या एका नावामागे 'महारठी' असा शब्द आहे. तो वाचून दाखवला तेव्हा पुतण्या बराच वेळ गप्प होता.

राणीला घराण्याचा मोठेपणा दगडात कोरून ठेवायचा होता. राजवाड्याची भिंत होती, नदीचा घाट होता. तिने निवडली कड्यावरची खिंड, कारण माणसं तिथून जात होती. खाली सोपारा, कल्याण ही बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर, दोन्ही नावं येतात. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तगर आणखी दहा दिवस. पैठणहून मौल्यवान दगड, तगरहून कापड, गाड्या भरभरून भडोचला जायचं. कल्याणबद्दल मात्र वेगळीच नोंद आहे: पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले, पण सत्ता बदलल्यापासून चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात. बंदर आणि घाट कोणाच्या ताब्यात, यावरून तेव्हाही राजे भांडत होते.

आता माझा मुद्दा. जहाजातला माल होडीत उतरतो, होडीतून जनावराच्या पाठीवर चढतो, घाटमाथ्यावर आला की गाडीत भरला जातो. दर वेळी माल पाठ बदलतो. पाठ बदलायची म्हणजे थांबणं आलं. थांबलं की पाणी लागतं, चारा लागतो, वखार, हमाल, नाल ठोकणारा, पैसे मोडून देणारा, रात्री टेकायला ओसरी आणि हात जोडायला देव. एवढं सगळं एका जागी आलं की गाव झालंच. जुन्नर असंच झालं. गावाभोवती दोनशेच्या वर लेणी आहेत आणि तिथल्या दानलेखांत धान्यवाले, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी म्हणजे व्यवसायसंघ आहेत, यवन म्हणजे ग्रीकही आहेत.

नदीकाठी संस्कृती जन्मली असं आपण शाळेत शिकलो. नदी तर शेकडो मैल वाहते, मग तिच्यावरचं एखादंच गाव मोठं का होतं? मला वाटतं, जिथे माल पाठ बदलतो तिथे. आणि ती गरज संपली की तेच गाव ओसरतं. तुमच्याकडचं काय म्हणणं? चुकत असेन तर तेही सांगा.

सह्यवेडी | शुक्रवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. दौंडबद्दल लिहायचं आहे, उद्या निवांत लिहिते.

खाडीकाठ | शनिवार, सकाळी ७:१५

माझं आजोळ राजापूर. तुमचं म्हणणं तिथे तंतोतंत लागू पडतं.

राजापूर समुद्रावर नाही, अर्जुना नदीकाठी चांगलं आत आहे. तरी सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा तीही खणून काढली. एवढ्या आत का? भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं गावापर्यंत वर येत. तिथे माल बैलांवर चढे आणि अणुस्कुऱ्याच्या घाटाने कोल्हापूरकडे जाई. पाणी संपतं आणि घाटाची वाट सुरू होते, नेमकं त्या बिंदूवर राजापूर. दाभोळ, खारेपाटण, संगमेश्वर, सगळी जुनी नावं अशीच भरतीच्या टोकाला किंवा खाडीच्या तोंडाशी सापडतील.

मग खाडी गाळाने भरत गेली. आगबोटी आल्या, त्यांना खोल पाणी हवं. मोठं जहाज आत येईना तशी पेठ उतरणीला लागली. आजोबा सांगायचे की त्यांच्या आजोबांनी धक्क्यावर गलबतं बघितली होती. मी मात्र तिथे पोरं गळ टाकून बसलेलीच पाहिली. आता राजापूरची पेठ बातम्यांत येते ती पावसाळ्यात पाणी भरलं की.

आगबोटीबद्दल थोडं अवांतर. आजी मुंबईला जायची ती बोटीने. बोट बंदरात लागत नसे, लांब उभी राही. पडावातून तिथपर्यंत जायचं आणि हलत्या शिडीवरून चढायचं, कडेवर मूल आणि डोक्यावर फणसाचं ओझं घेऊन. तिला बोट लागायची, म्हणून आदल्या रात्रीपासून जेवायची नाही. आज आपण बसमध्ये मळमळलं तरी 'बस लागली' म्हणतो, तो शब्द मला वाटतं या बोटींनीच दिला. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर आमच्या घरात कित्येक वर्षं गटारी अमावास्येला कोणी पाण्यात पाऊल घालत नसे.

जुन्नरी | शनिवार, सकाळी ९:३०

खाडीकाठ, 'भरतीचं टोक' हे फार नेमकं सांगितलंत. मी फक्त घाटाचं टोक धरून बसलो होतो.

अष्टागर | शनिवार, सकाळी ११:२०

चौल-रेवदंड्याची एक गोष्ट सांगतो. ती थेट जुन्नरलाच येते.

१४६९ च्या सुमाराला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. रशियातल्या त्वेर गावचा, वाटेत लुटला गेलेला. त्याने बरोबर विकायला एक घोडा आणला होता. दख्खनला घोडे चांगले निपजत नाहीत, ते समुद्रापलीकडून येतात, हे त्याला कळलं होतं. बहमनी फौजांना घोडे लागत आणि होर्मुझहून ते जहाजाने आपल्या किनाऱ्यावर येत. त्या एका घोड्यावर त्याने सगळी पुंजी लावली होती.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. पावसाळा तिथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडाही देतो आणि वर सोन्याची नाणी देतो. शेवटी खोरासानचा एक सरदारवजा माणूस मध्ये पडला आणि घोडा परत मिळाला. पुढे तो बीदरला गेला. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, आम्ही रोज सायकलवरून त्याच्यासमोरून शाळेत जायचो.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बहमनी काय, विजयनगर काय, राज्यं टिकली ती घोड्यांवर, आणि घोडे यायचे गलबतातून. किनारा ज्याच्या हातात, त्याच्या हातात दुसऱ्याची फौज. पोर्तुगीजांनी गोव्यात बसून घोड्यांचा व्यापार मुठीत धरला तो यासाठीच. गव्हापेक्षा, कापडापेक्षा त्या काळात घोडा वाहून आणणं हे राजकारण होतं.

गोदातीर | शनिवार, दुपारी ३:००

धागा आवडला, पण मी पूर्ण सहमत नाही.

प्रवरेकाठी दायमाबाद आहे, श्रीरामपूरच्या बाजूला. तिथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाची चार शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, म्हैस आणि चौथा रथ. दोन बैल जुंपलेले, मागे दांड्यावर माणूस उभा, चाकं भरीव. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. साडेतीन हजार वर्षांहून जुनं काम आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या रथाचं चित्र मी शेतात काम करणाऱ्या आमच्या गड्याला दाखवलं. तो म्हणाला, "बैल चांगल्या खोंडाचे दिसतात, वशिंड बघा."

पण त्या गावाला ना बंदर, ना घाट. तिथे काळी जमीन होती आणि प्रवरेला पाणी होतं. माणसं जव पिकवत, राहत, मरत. आधी नांगर, मग चाक. वाहून न्यायला काही तरी उरलं पाहिजे ना? जास्तीचं पिकलं नाही तर तुमच्या खिंडीतून जाणार काय?

दुसरं म्हणजे पैठण, नाशिक, पंढरपूर ही गावं माल उतरतो म्हणून टिकली नाहीत. माणसं तिथे रिकाम्या हाताने चालत येतात.

जुन्नरी | शनिवार, दुपारी ४:१०

गोदातीर, मान्य. 'जास्तीचं पिकलं पाहिजे' हे मी गृहीत धरून पुढे गेलो, ते लिहायला हवं होतं. गाव वसतं जमिनीने, पेठ होते वाटेने, असं म्हणतो आता.

तीर्थांबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी बोरघाटाच्या डोक्यावर का? भिक्षूंना एकांत हवा होता तर सह्याद्रीत एकांताला काय तोटा? कार्ल्याच्या चैत्यातल्या कितीतरी खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची दानं कोरली आहेत. व्यापारी आणि भिक्षू एकाच वाटेने चालत होते, एकमेकांच्या आधाराने.

तांड्याची लेक | शनिवार, रात्री ८:४५

इतका वेळ वाचत होते. घाट, बंदर, गाव, सगळं आलं. पाठ कोणाची होती ते अजून आलं नाही, म्हणून लिहिते.

मी बंजारा. आमचा तांडा पुसदकडचा. लवण वाहणारे म्हणून लमाण, असं आमच्यात सांगतात. किनाऱ्यावरचं मीठ वर न्यायचं, वरचं धान्य खाली आणायचं. आम्ही याला लदेणी म्हणतो. गाडी लागत नव्हती, रस्ता लागत नव्हता. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोण टाकायची आणि चालायचं, चरत चरत. चारा विकत घ्यायचा नाही, वाटेवरचं गवत हेच इंधन. म्हणून भाडं स्वस्त पडायचं आणि जिथे चाक पोचत नाही तिथे माल पोचायचा.

ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला. त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहिलं आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस बाजूला थांबून राहावं लागे. डोळ्यांपुढे आणा. मुघल दख्खनेत उतरले ते आमच्या धान्यावर, १८०३ च्या मराठे-इंग्रज लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला रसद पुरवली ती बंजाऱ्यांनी. फौजा आमच्या मागे चालत होत्या असं म्हटलं तरी चालेल.

मग पक्के रस्ते झाले, रूळ आले. मीठ मालगाडीच्या वाघिणीत चढलं. दोन पिढ्यांत धंदा संपला. जमीन नव्हती, गाव नव्हतं, कारण आमचं गाव चालतं होतं. फिरणारा माणूस सरकारला संशयित वाटू लागला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे त्याची झळ आमच्या माणसांनाही लागली. ज्यांच्या विश्वासावर सावकार हजारो बैलांचा माल सोपवत होते, त्यांना हजेरी लावावी लागली. तो कायदा गेला, ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त केलं गेलं, पण शिक्का लवकर जात नाही.

जुन्नरी, तुम्ही लिहिलंत की पाठ बदलते तिथे गाव वसतं. बरोबर आहे. पण पाठ बदलली की ज्याची आधीची पाठ होती तो कुठे जातो, हेही धाग्यात असू द्या. आमचे तांडे आज ऊसतोडीला जातात. वाट सुटली नाही, ओझं बदललं.

जुन्नरी | शनिवार, रात्री ९:२०

ताई, हे लिहिलंत म्हणून फार बरं केलंत. एक विचारू का? गोण नेमकी कशी असायची? तुमच्याकडे एखादी जपून ठेवली आहे का?

बँकर | रविवार, सकाळी ६:५०

रेल्वेत इंजिनावर नोकरी केली, बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात. म्हणून बोरघाटाचं मी लिहितो.

१८३० मध्ये बोरघाटात चाकाची गाडी चढेल असा रस्ता झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती सपाटीवरची गाडी. खरी परीक्षा घाटाची. १८५६ मध्ये काम सुरू झालं. खालून रूळ घाटाच्या पायथ्यापर्यंत आले, १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आले, आणि मधला घाट तसाच. पाच वर्षं लोक खाली उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. तुमच्या भाषेत, माणसंच पाठ बदलत होती.

घाटाची लांबी पंधरा मैलांच्या आसपास, चढ १,८०० फुटांवर, बोगदे २५. १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० मजूर कामावर होते. कड्यावरून दोरीला लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची. पटकी आली की छावण्याच्या छावण्या रिकाम्या व्हायच्या. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांत आजाराने गेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका सोडला नाही, माणसं नेमून काम तडीस नेलं. १४ मे १८६३ ला घाट सुरू झाला. किती हजार मजूर त्या दगडात राहिले त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. रात्री बोगद्यातून इंजिन नेताना मी कित्येकदा शिटी जरा लांब दिली आहे, ती त्यांच्यासाठी.

आता कर्जतचं. इतकी गाडी वर ढकलायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती बँकर लागावेत म्हणून. ती जोडली जाईपर्यंत जो वेळ जातो त्यावर कर्जतचा वडा उभा आहे. फलाटावर परात घेऊन उभा असलेला माणूस कप्लिंगचा आवाज ऐकून ओळखतो की अजून किती वडे जातील. उद्या बँकरची गरज संपली तर त्याचं काय, हा प्रश्न मी त्याच्याशी बोललो आहे. तो म्हणाला, "तोवर मुलगी इंजिनीअर होईल."

वऱ्हाडी | रविवार, सकाळी १०:३०

बँकर साहेब, शिटीचं वाचून गलबलून आलं.

खामगावचं सांगतो. आमचा कापूस आधी बैलांवर जायचा. वाटेत पाऊस गाठला की गठ्ठे भिजून मातीमोल. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. त्याच वर्षांत रूळ वऱ्हाडातून पुढे सरकत होते, १८६७ ला नागपूरला पोचले. १८७० ला जलंबहून खामगावला खास फाटा काढला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कशासाठी? कापसाच्या बाजारासाठी. जिनिंग, प्रेसिंग, गंजीच्या गंजी.

पण शेतकऱ्याने ज्वारीच्या रानात पऱ्हाटी लावली आणि त्याचं पोट लिव्हरपूलच्या भावाला बांधलं गेलं. युद्ध संपलं, भाव कोसळला. आमच्या घरात आजही संध्याकाळी 'भाव काय निघाला' हाच पहिला प्रश्न असतो. तो प्रश्न रेल्वेने आणला.

सह्यवेडी | रविवार, दुपारी १२:१५

वऱ्हाडी यांच्या पुढचं मी जोडते. माझं माहेर दौंड.

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासावर आमच्या गल्लीतली निम्मी घरं चालत. आता बाहेरून जोडमार्ग झाला, कॉर्ड लाइनचं वेगळं स्टेशन झालं, काही गाड्या दौंडात येतच नाहीत. जुन्नरी, तुमचं म्हणणं माझ्या डोळ्यांदेखत घडतंय.

पण मला लिहायचं होतं ते दौंड-मनमाड रुळाबद्दल. तो १८७८ ला सुरू झाला, म्हणजे १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात बांधला गेला. भरावाची माती दुष्काळी कामावरच्या माणसांनी टाकली. त्या काळात सरकारने कामावरच्या गड्याची मजुरी उतरवून दिवसाला पौंडभर धान्य आणि एक आणा इतकी केली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले, गावोगावचे आकडे गोळा करून पाठवले. लोकांनी कामं सोडून संप केला. रेल्वे दुष्काळात धान्य आणते हे खरंच आहे. पण त्याच रुळांवरून धान्य बंदराकडेही जात होतं, निर्यात थांबली नव्हती. जिथे भाव जास्त तिकडे गाडी जाते. भुकेल्याच्या खिशात भाव नसतो.

तळ्याकाठचा | रविवार, दुपारी १:५०

शिकागोहून लिहितोय. हे शहरही अगदी याच कारणाने उभं राहिलं. एका बाजूला मोठी सरोवरं, दुसऱ्या बाजूला मिसिसिपीकडे जाणारं पाणी, मध्ये थोडी दलदलीची जमीन. तिथले मूळ रहिवासी होडी पाण्यातून काढून खांद्यावर घेत आणि पलीकडच्या पाण्यात सोडत. त्या खांद्यावरच्या वाटेवर शहर झालं. १८४८ ला तिथे कालवा निघाला आणि त्याच वर्षी पहिली रेल्वेही.

आणखी एक. अमेरिकेत आधी गावोगावी वेगळी घड्याळं होती. रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला ती मोडून एकसारखी वेळ लागू केली, ठरलं ते शिकागोच्याच बैठकीत. आपल्याकडे आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत. १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही, ३९ मिनिटं मागे, आणि हे १९५५ पर्यंत चाललं. माझे आजोबा गिरगावातले. त्यांच्या बोलण्यात 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' हा प्रश्न असायचा. लहानपणी मला तो कळायचा नाही.

गोदीचा पोर | रविवार, सायंकाळी ६:०५

वडील मुंबई गोदीत होते. खांद्यावर लोखंडी हूक अडकवूनच घरी यायचे. जहाज लागलं की टोळ्या चढायच्या, एकेक गोण, एकेक पेटी काढायची. मस्जिद बंदर, दाणाबंदर, भात बाजार, तिथल्या वखारी, हातगाड्या, चहावाले, सगळं त्या गोणीवर. मालाच्या पट्टीत हमाली, तोलाई, वाराई असे रकाने असतात ना, त्या प्रत्येक रकान्यामागे घाट उतरून आलेलं एक घर आहे. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एकत्र केली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. ज्याच्या माथ्यावर ओझं, त्याच्या नावाचा कायदा.

तिकडे २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला एक जहाज निघालं होतं, त्यावर ५८ पेट्या. ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवायची, आतला माल हलवायचाच नाही. माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याची ही युक्ती. आपल्याकडे १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि मुंबईची गोदी शांत होत गेली. आज नाशिकच्या द्राक्षांची पेटी पॅकहाउसमध्ये सील होते ती थेट युरोपात उघडते. जुन्नरी, माल आता पाठच बदलत नाही. मग गाव कुठे वसणार?

जुन्नरी | रविवार, रात्री ८:००

गोदीचा पोर, यावर दिवसभर विचार केला असता तरी मला एकच जागा सुचली असती: भिवंडी.

मोठा ट्रक येतो तिथवर, पुढे मुंबईत छोटा टेंपो. मधल्या मैलोन्‌मैल गोदामांत पेट्या फुटतात. आणि ती गोदामं तिथेच का? मुंबई महापालिकेची हद्द ओलांडली की जकात भरावी लागायची, म्हणून माल हद्दीबाहेर ठेवायचा. मुलुंडच्या नाक्यावरची ट्रकची रांग आठवते ना? मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला गेली, गोदामं राहिली. पुतण्याला हे सांगितलं. म्हटलं, रांजण बघितलास ना, त्याची शेवटची शाखा मुलुंडला होती.

मुक्कामी गाडी | रविवार, रात्री ९:१५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. मोठ्या शहरांचं झालं, एका वाडीचं सांगतो.

आमच्या वाडीला रस्ता झाला आणि मुक्कामी एसटी सुरू झाली. रात्री साडेआठला येते, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपतात, पहाटे सहाला निघते. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या बायकांनी गाडीला हळद-कुंकू लावलं.

त्याआधी सातवीनंतर मुली घरी बसत. हायस्कूल नऊ किलोमीटर, मध्ये ओढा आणि जंगल. गाडी आली, अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आला आणि त्या वर्षी सहा मुली आठवीत गेल्या. पुढे त्यातली एक नर्स झाली. तिने घरी फोन लावून दिला, आईला रक्तातली साखर मोजायला शिकवलं, धाकटीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकलायला लावलं. सहाची गाडी चुकू नये म्हणून वाडीत लोक लवकर उठायला लागले. दूध बाहेर जायला लागलं, म्हणून म्हशी वाढल्या. एक गाडी, एक फेरी.

गोदातीर म्हणाले आधी जास्तीचं पिकलं पाहिजे. आमच्याकडे दूध आधीही होतं, ते घरातच आटत होतं. जास्तीचं आहे हे गाडी आल्यावर कळलं.

गोदातीर | रविवार, रात्री ९:४०

सर, हे पटलं. माझा मुद्दा तुम्ही उलटा करून दाखवलात आणि तो असाही उभा राहतो.

तांड्याची लेक | सोमवार, सकाळी ७:३०

जुन्नरी, काल काकूंना फोन केला. आजोबांची गोण त्यांच्याकडे आहे, पेटीत तळाशी. व्हिडिओवर उलगडून दाखवली.

अंबाडीच्या वाखाची, जाड विणीची. दोन तोंडं, मध्ये पट्टा, तो बैलाच्या पाठीवर यायचा. काकूंनी वितीने मोजली, एकेक बाजू साडेतीन वीत खोल. तोंडाशी कवड्या शिवल्या आहेत, तीन निखळल्या आहेत. मधल्या पट्ट्याला खालून चामड्याचं ठिगळ आहे, बैलाच्या कण्याला घासू नये म्हणून. ते ठिगळ गुळगुळीत झालंय आणि एका जागी पार विरलंय. काकू म्हणाल्या तिथे वशिंडाच्या मागचं हाड यायचं.

दिवाळीत गावी गेले की फोटो काढून इथे टाकते.